भय्या चौकातले घर

1974 साली मी सोलापूरला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो आणि माझ्याकडे एक जुनी सायकल होती. तिच्या कॅरियरला दोन महिने चक्रमुद्रित कागदांचा एक गठ्ठा बांधलेला असे. सामाजिक वैद्यकशास्त्र हा विषय आम्हा पोरांना तेव्हा कमालीचा कंटाळवाणा वाटे. पोट कापणे, हाड जोडणे म्हणजे खरे डॉक्टरपण, आणि गटारे मोजणे, माणसे मोजणे हे कारकुनाचे काम, अशी आमची ठाम समजूत होती. पण त्या विषयातल्या प्रकल्पाला गुण होते आणि चांगल्या प्रकल्पाला बक्षीसही होते. म्हणून मी पूर्वभागातल्या विडी कामगार बायकांच्या आरोग्याची पाहणी करायला घेतली. वसतिगृहावर परत येताना संध्याकाळी मी मुद्दाम वाट वाकडी करून भय्या चौकातून जात असे. तिथल्या एका जुन्या घराकडे बोट दाखवून कुणी तरी मला सांगितले होते की चीनला गेलेले डॉक्टर कोटणीस इथलेच. घराला तेव्हा स्मारकाचे रूप आलेले नव्हते. मी सायकलचा वेग जरा कमी करी, घराकडे बघे आणि पुढे जाई. त्या माणसाविषयी मला जे ठाऊक होते ते सगळे सिनेमातून आलेले होते.

पुढे तीस-पस्तीस वर्षे मी तोच कंटाळवाणा विषय शिकवला. कोटणीसांविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यामुळे आज त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे तो इतिहासकार म्हणून नव्हे. त्यांच्याच गावात, त्यांच्याहून पुष्कळ सोप्या परीक्षेत नापास झालेला एक विद्यार्थी म्हणून लिहितो आहे. ते नापास होणे काय, ते ओघात येईलच.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. वडील गिरणीत नोकरीला, घरात मुलेबाळे बरीच, म्हणजे ज्याला आपण खाऊनपिऊन सुखी म्हणतो त्याच्या अलीकडच्या काठावरचे घर. त्या काळचे सोलापूर डोळ्यांपुढे आणल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. 1877 साली जुनी गिरणी उभी राहिली, मागोमाग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि भोंग्यावर चालणारे एक नवे गाव जुन्या किल्ल्याच्या आसपास पसरले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, दुष्काळाने उठवलेली खेडी आली. माणसे आली त्या वेगाने घरे, पाणी, गटारे काही आले नाही. 1896 साली मुंबईत शिरलेला प्लेग लवकरच सोलापुरात पोहोचला आणि पुढे कित्येक वर्षे अधूनमधून परत येत राहिला. घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, उंदीर पडू लागले की गाठोडे बांधायचे, हे त्या पिढीच्या आठवणींत पक्के होते. द्वारकानाथ आठ वर्षांचा होत असतानाच 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ आली. गिरणीच्या कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करणाऱ्यांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळून येते, आठवडाभरात सैल होते आणि पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा आवळते. या दुखण्याला शास्त्रात बिसिनोसिस म्हणतात. ज्याला ते होई त्याला त्याचे नाव ठाऊक नसे आणि ज्याला नाव ठाऊक असे त्याला ते होत नसे. गिरणीकामगारांच्या गावात वाढलेल्या मुलाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे 12 जानेवारी 1931 ला फासावर गेले. द्वारकानाथ मार्शल लॉच्या वेळी वीस वर्षांचाही नव्हता. पुढे तो मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे केईएम रुग्णालयाच्या कॉलेजात डॉक्टर झाला. 1926 साली सुरू झालेल्या या कॉलेजात शिकवणारे सगळे भारतीयच असावेत असा कटाक्ष होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे. तिथल्या वातावरणात रुग्णसेवा आणि देशसेवा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

1937 च्या जुलैत जपानने चीनवर मोठी चढाई केली. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली आणि 1938 च्या जूनअखेर काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. सुमारे 22,000 रुपये जमले, रुग्णवाहिका आणि औषधे घेतली गेली आणि पाच डॉक्टर निवडले गेले. प्रमुख डॉ. मदन अटल, सोबत नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी आणि सर्वांत कमी अनुभवाचा सोलापूरचा हा तरुण. द्वारकानाथ तेव्हा पदव्युत्तर अभ्यासाच्या तयारीत होता. म्हणजे खरे सांगायचे तर तोही विद्यार्थीच होता. घरच्यांची सारी भिस्त त्याच्यावर होती. आणि चीन म्हटले की घरच्यांना आठवे ते फक्त दारोदार रेशीम विकत फिरणारे चिनी फेरीवाले. वडिलांनी होकार दिला. आईची समजूत पटायला वेळ लागला. पोराने वर्षभरात परत यायचे होते.

1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबई बंदरातून बोट सुटली. कॅन्टन, हँकाऊ, चुंगकिंग असे करत, पुढेपुढे सरकणाऱ्या जपानी फौजेला आणि बॉम्बहल्ल्यांना चुकवत ही मंडळी 1939 च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचली. वाटेत पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी चीन या अर्थाचा हुआ हा शब्द होता. कोटणीसांचे झाले के दीहुआ. आजही चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात.

येनानला पोहोचायच्या सुमाराला सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. घर कर्जात, धाकटी भावंडे शिकायची. परत जायला कुणी नको म्हटले नसते. उलट सहकाऱ्यांनी सुचवलेच होते. द्वारकानाथ गेले नाहीत. या निर्णयाविषयी मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला तो आजही अवघड वाटतो. देवत्व बहाल करून मोकळे होणे सोपे असते. पण सोलापुरात मागे राहिलेल्यांनी ती वर्षे कशी काढली असतील, हा प्रश्न चरित्रकारांनी फारसा विचारलेला नाही. मोठ्या माणसाच्या मोठेपणाची किंमत बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहिली जाते. असो.

वर्ष संपायच्या आत चोळकर आणि मुखर्जी भारतात परतले. उरलेले तिघे आघाडीकडे निघाले. 1940 च्या आरंभी प्रकृतीने साथ न दिल्यामुळे अटलही परतले. राहिले बसू आणि कोटणीस. हे दोघे डोंगर ओलांडत, रात्रीच्या अंधारात जपान्यांच्या ताब्यातले रेल्वेमार्ग पार करत उत्तर चीनमधल्या शान्सी-चाहार-होपेई सीमाभागात पोहोचले. तिथे त्यांना भेटायचे होते नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन शल्यविशारदाला. पण बेथ्यून 12 नोव्हेंबर 1939 लाच गेले होते. हातमोजे नसताना शस्त्रक्रिया करताना बोट कापले आणि रक्तात विष पसरले. कोटणीसांची त्यांची भेट झाली ती समाधीपाशी, 1940 च्या जूनमध्ये.

इथे जरा थांबून बेथ्यूनविषयी सांगितले पाहिजे, कारण माझ्या विषयाचा धागा तिथे आहे. बेथ्यून स्वतः क्षयाने आजारी पडून बरे झालेले. सुस्थितीतला रोगी सॅनेटोरियममध्ये विश्रांती घेऊन बरा होतो आणि गरीब रोगी बरा होऊन पुन्हा त्याच कोंदट खोलीत, त्याच उपासमारीत जातो आणि पुन्हा आजारी होऊन परत येतो, हे त्यांनी मॉन्ट्रियलमध्ये डोळ्यांनी पाहिले होते. आपण छातीच्या कितीही कुशल शस्त्रक्रिया केल्या तरी रोगाचा कारखाना चालूच राहतो, हे ध्यानात आल्यावर 1935-36 मध्ये त्यांनी सहकारी जमवून सर्वांना परवडणाऱ्या आरोग्यसेवेची योजना मांडली. तिकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे हा माणूस स्पेनमध्ये आणि मग चीनमध्ये आला. आजाराला जंतू लागतो हे खरे, पण तो जंतू कुणाच्या घरात मुक्काम करणार हे कमाई ठरवते, पाणी ठरवते, खोलीची खिडकी ठरवते. आमच्या विषयाचे सारे सार मला यात दिसते. बेथ्यूनच्या मागे राहिलेले रुग्णालय आणि वैद्यकीय शाळा पुढे कोटणीसांच्या हाती आली. न भेटलेल्या गुरूचा वारसा म्हणतात तो असा.

1940 च्या उत्तरार्धात आठव्या मार्ग सेनेने जपान्यांवर मोठी मोहीम उघडली. त्या धुमश्चक्रीत कोटणीसांच्या पथकाकडे 13 दिवसांत 800 च्या वर जखमी आले आणि त्यांतल्या 500 हून अधिक जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. एकदा सलग 72 तास ते झोपले नाहीत असे त्यांचे सहकारी सांगत. हे आकडे सगळ्या चरित्रांत असतात आणि असायलाच हवेत. 1941 च्या जानेवारीत त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख नेमण्यात आले. वय तीस. बसूंना येनानला परत बोलावले गेले होते, त्यामुळे आता सोबत एकही भारतीय नव्हता.

व्ही. शांतारामांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा 1946 चा चित्रपट. ख्वाजा अहमद अब्बास यांनी दोनच वर्षांपूर्वी कोटणीसांवर पुस्तक लिहिले होते आणि पटकथेतही त्यांचा हात होता. शांतारामांनी स्वतः कोटणीस रंगवले, जयश्रीबाईंनी त्यांची पत्नी. चित्रपटात प्लेगची साथ येते आणि औषध शोधण्यासाठी डॉक्टर स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करतो. पडद्यावर हे फार परिणामकारक वाटते. मी विद्यार्थी असताना माझ्या डोक्यातले कोटणीस तेच होते. काळोख्या खोलीत, एकटा, सुई हातात घेतलेला शास्त्रज्ञ. प्रत्यक्षातले काम याहून कितीतरी कमी नाट्यमय आणि माझ्या मते कितीतरी कठीण होते.

ते काम असे. रुग्णालय म्हणजे इमारत नव्हे. होपेई प्रांतातल्या तांग परगण्यातले गेगोंग हे डोंगरातले खेडे, आणि त्यातली शेतकऱ्यांची घरे हाच दवाखाना. जपानी फौज शोधमोहिमेवर आली की रुग्णांना उचलून दुसऱ्या खेड्यात न्यायचे, हत्यारे खेचरांवर लादायची आणि फौज गेली की परत यायचे. बाहेर जपान्यांची नाकेबंदी, शिवाय पुढे कुओमिन्तांगचीही, त्यामुळे औषधे येण्याचा मार्ग जवळपास बंद. पेनिसिलिन अजून कुणाच्या हाती नव्हते. अशा ठिकाणी शल्यविशारदाची खरी लढाई गोळीशी नसते, घाणीशी असते. हात कशाने धुतले, बँडेज किती वेळ उकळले, प्यायचे पाणी कुठून आणले, संडास विहिरीपासून किती अंतरावर आहे, यावर पाय वाचणार की कापावा लागणार हे ठरते. आणि हे एका डॉक्टरने करायचे काम नाही. ते पन्नास-शंभर पोरांनी करायचे काम आहे.

म्हणून कोटणीस शिक्षक झाले. बेथ्यून वैद्यकीय शाळेत येणारी मुले बहुतेक शेतकऱ्यांची, काहींना जेमतेम लिहिता-वाचता येणारे. त्यांना शिकवायचे तर त्यांच्या भाषेतच शिकवायला हवे. येनानला पोहोचल्यापासून कोटणीसांनी चिनी भाषेचा अभ्यास नेटाने चालवला होता. दुभाष्यावाचून ते रुग्णांशी बोलू लागले, मग वर्गात शिकवू लागले आणि पुढे चिनी भाषेतच शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहायला बसले. सोलापूरच्या गल्लीत मराठीबरोबर कानडी आणि तेलुगूही कानांवर पडत मोठ्या झालेल्या मुलाला परक्या भाषेचे भय नसावे, असे मला उगाच वाटते. पहिला भाग त्यांनी पुरा केला. दुसऱ्या भागावर काम चालू असतानाच ते गेले.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती इथेच बसते.

माझ्या प्रश्नावलीत बेचाळीस प्रश्न होते. ते मी एका इंग्रजी पुस्तकावरून घेऊन मराठीत केले होते. पूर्वभागातल्या ज्या बायकांना ते विचारायचे होते त्यांची घरची भाषा तेलुगू. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेल्या पानांचा ढीग. बोटे चालूच आणि बोलणे त्याबरोबरीने. पाने कारखान्यातून आणायची, घरी विड्या वळायच्या आणि सकाळी मोजून द्यायच्या. खराब ठरतील त्या छाटात जाणार, त्यांचे पैसे नाहीत. मजुरी हजारावर, त्यामुळे हात थांबवून माझ्याशी बोलणे म्हणजे पदरचे पैसे घालणे. मी शेजारचा एक शाळकरी पोरगा दुभाष्या म्हणून घेतला. प्रश्न क्रमांक सतरा होता जुनाट खोकल्याच्या विकाराविषयी. पोरगा काही तरी विचारी, बाई मान हलवी, मी नाही या रकान्यात फुली मारी. दोन महिन्यांत त्या रकान्यात फुल्यांची एक सरळ रांग तयार झाली.

शेवटच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या अम्माने मला चहा दिला आणि मोडक्या मराठीत दोन गोष्टी समजावून सांगितल्या. एक म्हणजे, पोरगा खोकल्याला जब्बू म्हणजे रोग असा शब्द वापरत होता. आणि रोग कुणाला आहे? खोकला, म्हणजे दग्गू, तो तर सगळ्यांनाच आहे, पण तो रोग थोडाच. तंबाखूत बसायचे म्हणजे खोकायचेच. दुसरे म्हणजे, रोग आहे असे कागदावर लिहून दिले आणि ते कारखान्यात कळले, तर क्षयाचा संशय घेऊन पाने मिळणे बंद होईल अशी गल्लीत भीती होती. एवढे सांगताना ती स्वतः चार वेळा खोकली.

मी वसतिगृहावर आलो. अहवाल द्यायला चार दिवस उरले होते. पुन्हा गल्लोगल्ली जायचे म्हणजे दोन महिन्यांचे काम पाण्यात. मी सतराव्या प्रश्नाची बेरीज होती तशीच ठेवली आणि खाली एक वाक्य लिहिले, की विडी कामगार स्त्रियांत जुनाट खोकल्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी आढळले. अहवालाला कापडी बांधणी केली. बक्षीस मिळाले. त्या गल्लीत मी पुन्हा गेलो नाही. त्या दिवशी भय्या चौकातून गेलो की नाही ते आठवत नाही, बहुधा दुसऱ्या रस्त्याने गेलो असेन.

आपल्या इथे कोटणीसांचे नाव घेताना त्याग हा शब्द लगेच येतो. मला त्या शब्दाआधी चिकाटी दिसते. अनोळखी भाषा तिच्यातले बारकावे कळेपर्यंत शिकत राहायचे, आणि उत्तर मिळाल्यावरही तिथून निघून जायचे नाही. येनानपर्यंत पाचही जण गेले होते.

बेथ्यूनच्या समाधीच्या कार्यक्रमातच त्यांची गाठ कुओ चिंगलान या तरुण परिचारिका-शिक्षिकेशी पडली. त्या त्याच शाळेत परिचर्या शिकवत आणि त्यांना इंग्रजी चांगले येई. 1941 च्या नोव्हेंबरात दोघांचे लग्न झाले. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. त्याच उन्हाळ्यात कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते. पण एव्हाना प्रकृतीचे घड्याळ उलटे फिरू लागले होते. त्यांना अपस्माराचे झटके येत. उपचारांसाठी मागे सुरक्षित भागात जावे, असा सहकाऱ्यांचा आणि वरिष्ठांचा आग्रह होता. त्यांनी तो मानला नाही. 9 डिसेंबर 1942 च्या पहाटे झटक्यांतच त्यांचा अंत झाला. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचे.

तिशीतल्या धडधाकट माणसाला, पूर्वी काही नसताना, एकाएकी अपस्मार का व्हावा? मी विद्यार्थ्यांना हा प्रश्न नेहमी विचारत असे. आता मी जे सांगणार आहे तो माझा तर्क आहे, निदान नव्हे. आज असा रुग्ण समोर आला तर आम्ही आधी मेंदूचा स्कॅन करू आणि जे शोधू त्यात डुकराच्या मांसातून पसरणारा पट्टकृमी हे एक मोठे कारण असेल. उत्तर चीनच्या खेड्यांत संडास आणि डुकरांचा गोठा एकालाच लागून बांधायची जुनी चाल होती. माणसाच्या विष्ठेतली कृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात, त्याच्या मांसातून कृमी पुन्हा माणसात येतो. पण मेंदूत गाठ होते ती मांस खाल्ल्याने नव्हे. अंडी हातांवरून, भाजीवरून, पाण्यातून पोटात गेल्याने होते. म्हणूनच जन्मात मांसाला न शिवलेल्यांनाही ती होते. आपल्याकडे स्कॅनची यंत्रे आल्यावर झटके येणाऱ्या तरुणांच्या मेंदूत लहान गाठी दिसू लागल्या. बरीच वर्षे त्या क्षयाच्या समजून औषधे दिली गेली आणि मग वेल्लोरच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की त्यांतल्या पुष्कळशा या कृमीच्या आहेत. उघड्यावर शौच, मोकाट डुकरे, हात धुवायला पाणी नाही, अशी वस्ती जिथे असते तिथे हा आजार असतो. कोटणीसांना हाच आजार असेल किंवा नसेलही. अतिश्रम, कुपोषण, डोक्याला मार, पुष्कळ कारणे संभवतात. पण ज्या घाणीशी ते झगडत होते तिनेच त्यांना गाठले असावे, ही शंका माझ्या मनातून जात नाही.

मृत्यूनंतरची कहाणी थोडक्यात सांगण्याजोगी. बेथ्यूनप्रमाणेच त्यांचीही समाधी पुढे शिचियाचुआंगच्या हुतात्मा स्मारकात आली. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच 1967 मध्ये वारला. 1962 च्या युद्धानंतर आपल्याकडे बराच काळ हे नाव हळू आवाजात घेतले जाई. माझ्या विद्यार्थिदशेत ते घर इतके गप्प का होते, हे मला फार नंतर उमगले. 1982 साली चीनने आणि 1993 साली भारताने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. कुओ चिंगलान अनेकदा भारतात येऊन सासरच्यांना भेटून गेल्या. 2012 साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या आरंभी भय्या चौकातले घर महापालिकेने स्मारक म्हणून खुले केले होते. चिनी पाहुणे येतात, फुले वाहतात. सोलापूरकर येतात का, तर शाळांच्या सहली येतात.

निवृत्त होऊन सोलापूरला परतलो त्याला बरीच वर्षे झाली. पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देण्याची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एक योजना 1979 पासून आहे. आमच्या वेळी ती नव्हती. त्या योजनेसाठी अर्ज करणारी एक विद्यार्थिनी मध्यंतरी माझ्याकडे आली होती. तिचा विषय ऐकून मी दचकलोच. विडी कामगार स्त्रिया, तंबाखूची धूळ, श्वसनाच्या तक्रारी, आणि त्याच वस्तीतल्या विडीचे काम न करणाऱ्या स्त्रियांशी तुलना. वस्ती आता बदललेली. पूर्वभागातल्या कित्येक बायका शहराबाहेर कुंभारीच्या विडी घरकुलात गेल्या आहेत. त्यांना स्वतःच्या नावावर घर आहे, ही लहान गोष्ट नाही. सूप मात्र मांडीवरच आहे.

मी तिला सतराव्या प्रश्नाची हकीकत सांगितली. अगदी बक्षिसासकट. तिने ऐकून घेतले, काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी आली तेव्हा तिच्या फॉर्मच्या पाठीमागे सगळे प्रश्न तेलुगूत लिहिलेले होते. ते तिने एका विडी कामगार बाईकडूनच तपासून घेतले होते. खोकल्याच्या ठिकाणी दग्गू होते. कारखान्याचे नाव विचारणारा रकाना तिने काढून टाकला होता. आणि उजव्या कडेला पेन्सिलीने एक नवा रकाना आखला होता, ज्यात बाईला काही विचारायचेच नव्हते. बोलणे चालू असताना ती किती वेळा खोकली, एवढेच तिथे लिहायचे होते.

माझा जुना अहवाल ग्रंथालयात अजून असेल तर मला बघायचा आहे, असे ती जाताना म्हणाली. मी तिला वर्ष सांगितले, आणि कापडी बांधणीचा रंग.